संगणकाची कोठी

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा बेलाग किल्ला उभा आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने त्यास वेढा घातला. राजा रामदेवराय गडात कोंडला गेला. घाईघाईने गडावर नेलेल्या गोण्यांत धान्य आहे, असे समजून सारे निर्धास्त होते. परंतु गोण्या उघडताच त्यांतून मीठ निघाले, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. कोठी भरलेली होती. पण ती कशाने भरली आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते! राजाला तह करावा लागला.

मुलांनो, संगणकातही अशीच एक कोठी असते. तिला डिस्क म्हणतात. १९५६ साली आयबीएम कंपनीने जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या हजारोपट माहिती राहते. तरीही ती भरतेच. कारण कोठी मोठी झाली, की ठेवणाराचा हात सैल होतो.

डिस्क काठोकाठ भरली म्हणजे संगणक अडखळू लागतो. काम करताना तो तिचा काही भाग कच्च्या वहीसारखा वापरीत असतो. त्या वहीत कोरे पान उरले नाही, तर तो काम कोठे करणार? सुरक्षिततेसाठी वेळोवेळी येणाऱ्या सुधारणाही मग त्यास घेता येत नाहीत.

अशा वेळी काय करावे? प्रथम फाइली आकाराप्रमाणे लावून पाहाव्यात. एका मोठ्या चित्रफितीने अडविलेल्या जागेत हजारो पानांचा मजकूर मावतो. म्हणून शंभर लहान निबंध पुसण्यापेक्षा एक निरुपयोगी चित्रपट काढणे अधिक फलदायी होय. एकाच छायाचित्राच्या दोन-तीन प्रती असल्यास एक ठेवावी. न लागणारा प्रोग्राम सेटिंगमधून रीतसर काढावा. तात्पुरत्या फाइली काढण्याची सोय संगणकातच असते. तिचा उपयोग करावा. मात्र संगणक ज्यांवर चालतो, त्या फाइलींना हात लावू नये. घराचा खांब अडचण करतो म्हणून कोणी तो कापीत नाही.

पुसलेली फाइल प्रथम रिसायकल बिन या टोपलीत जाते. तेथे ती जागा अडवूनच बसते. टोपली रिकामी केली, म्हणजेच ती जागा मोकळी होते. पण मग फाइल परत मिळण्याची शाश्वती राहत नाही.

म्हणून टोपली रिकामी करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ज्या फाइलीचे नाव आपणांस निरर्थक वाटते, तिच्यात कदाचित आजोबांच्या आवाजाची एकुलती एक ध्वनिफीत असेल, अथवा वडिलांनी जपलेला शेताचा सातबारा असेल. फाइल उघडून पाहावी, घरच्यांस विचारावे, मोलाच्या वस्तूची दुसऱ्या डिस्कवर प्रत करावी आणि ती प्रत उघडते, याची खात्री करून घ्यावी. मिठाला धान्य समजणे जसे घातक, तसेच धान्याला मीठ समजून फेकून देणेही घातक होय.

स्वाध्याय
१. देवगिरीच्या गोण्यांची कथा या पाठात कशासाठी आली आहे?
२. टोपली रिकामी करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
३. ‘हात सैल होणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.