मनगटाचा दोष की मुठीचा?

गोल्फमध्ये चेंडू वाकडा गेला की खेळाडू म्हणतो, "मनगट फिरलं." मित्रांनो, ते खरेही असते. पण मनगट का फिरले, याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच्या मुठीत सापडते. (हा लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.)

मनगट दोन प्रकारे वाकते. एक म्हणजे अंगठ्याच्या किंवा करंगळीच्या बाजूला, आणि दुसरे म्हणजे तळहाताकडे किंवा हाताच्या पाठीकडे. कुलपात किल्ली फिरवताना होणारी हालचाल मनगटाची नसून कोपराखालच्या दोन हाडांची असते. स्विंगमध्ये या तिन्ही हालचाली लागतात.

आता एक फूटपट्टी घ्या. ती डाव्या तळहाताच्या मधोमध धरा आणि कोपर न हलवता अंगठ्याच्या बाजूला वर उचला. मग तीच पट्टी बोटांच्या मुळाशी धरून उचला. दुसऱ्या वेळी ती अधिक सहज वर येते. म्हणून क्लब तळहातात नव्हे, बोटांत धरायचा. आता मूठ करकचून आवळा. मनगट लगेच जखडते, कारण बोटे मिटणारे मोठे स्नायू हाताच्या पुढच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरूनच जातात.

यानंतर मुठीची दिशा पाहू. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे हाडांचे दोन उंचवटे दिसले तर ग्रिप न्यूट्रल. मूठ उजवीकडे फिरून तीन किंवा अधिक दिसले तर स्ट्राँग, आणि डावीकडे फिरून एकच दिसला तर वीक. येथे स्ट्राँग म्हणजे जोराची पकड नव्हे.

पुन्हा पट्टी घ्या. तिचे टोक जमिनीकडे आणि सपाट बाजू डावीकडे, म्हणजे लक्ष्याकडे ठेवा. पट्टी न हलवता डावी मूठ उजवीकडे सरकवून धरा. आता हात सैल सोडा. तो आपल्या नैसर्गिक जागी परत येतो आणि पट्टीची सपाट बाजू तुमच्या पायांकडे वळते. वेगाने येणाऱ्या क्लबच्या ओढीने हात असाच सरळ होऊ पाहतो. त्यामुळे स्ट्राँग ग्रिपने क्लबफेस बंद होऊन चेंडू डावीकडे वळण्याचा कल असतो. वीक ग्रिपने फेस उघडा राहून तो उजवीकडे वळतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बॅकस्विंगच्या शेवटी फेस सरळ राहायचा असेल, तर न्यूट्रल ग्रिपला डावे मनगट सपाट लागते, स्ट्राँग ग्रिपला ते थोडे हाताच्या पाठीकडे वाकलेले लागते आणि वीक ग्रिपला तळहाताकडे. म्हणून "मनगट सपाट ठेव" ही सूचना सर्वांना सारखी लागू नाही. स्ट्राँग ग्रिपच्या मुलाने ती तंतोतंत पाळली तर चेंडू आणखी डावीकडे जाईल, आणि बिचाऱ्याला वाटेल की आपल्याला जमतच नाही.

थोर खेळाडूंनीही ही जोडी जुळवली. बेन होगन यांचा चेंडू सुरुवातीच्या काळात फार डावीकडे वळत असे. त्यांनी ग्रिप वीक केली आणि बॅकस्विंगच्या शेवटी डावे मनगट हाताच्या पाठीकडे वाकवले. हे गुपित त्यांनी 1955 मध्ये 'लाइफ' मासिकात सांगितले. उलट जॉन रॅम यांचे डावे मनगट वीक ग्रिपसह तळहाताकडे वाकलेले दिसते. दोघांची मनगटे वेगळी, पण दोघेही अव्वल!

स्विंग चालू असताना मनगट सुधारता येईल का? क्लब वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि चेंडू फेसला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच वेळ टेकतो. तेवढ्यात विचार करून दुरुस्ती होत नाही. नेमबाज गोळी सुटण्याआधी पकड तपासतो, तसेच येथेही करावे लागते.

म्हणून पुढच्या वेळी चेंडू सतत एकाच बाजूला गेला, तर मनगटाला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहा: क्लब बोटांत आहे का? मूठ आवळलेली तर नाही ना? आणि उंचवटे किती दिसतात? ग्रिप बदललीत तर काही दिवस ती परकी वाटेल आणि फटकेही बिघडतील, कारण मनगटाला जुन्या मुठीची सवय असते. धीर धरा. नव्या मुठीशी मनगट जुळायला सराव लागतोच.