माणसे थोडी असली तरी कागद हवाच
उलव्याच्या दुकानदारांसाठी नव्या कायद्यांचा धडा

पनवेल तालुक्यातील उलवे ही सिडकोची वसाहत गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलली. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. वस्ती वाढली की फर्निचर, ग्रील, शिलाई, बेकरी, गॅरेज यांना काम मिळते. काम वाढले की माणसे ठेवावी लागतात, आणि माणसे ठेवली की कायदा दाराशी येतो. नेमक्या याच काळात कायदेही बदलले. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

केंद्र सरकारने २९ जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता तयार केल्या. वेतन संहिता २०१९ ची आहे. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या तीन २०२० च्या. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. त्याआधी काही आठवडे महाराष्ट्र सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. २०१७ चा हा कायदा १० कामगारांपासून पूर्णपणे लागू होत असे. ती मर्यादा २० वर नेली. रोजच्या कामाचे तास ९ वरून १० झाले, तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ झाली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र तशीच राहिली.

एक घातक गैरसमज

ही दुरुस्ती ऐकून पुष्कळ दुकानदारांची समजूत झाली की, "आपल्याकडे चार-सहा माणसे, आपल्याला कायदाच नाही." ही समजूत महागात पडणारी आहे. सूट मिळाली ती राज्याच्या एका कायद्यापुरती. वेतन संहितेतील किमान वेतन आणि वेळेवर पगार हे नियम एक माणूस कामाला असला तरी लागू होतात. पूर्वी किमान वेतन ठराविक धंद्यांच्या यादीपुरते होते. आता ती यादीच उरली नाही.

पगार कधी द्यायचा तेही ठरले आहे. रोजंदारीवाल्याला पाळी संपताना, आठवड्यावाल्याला सुट्टीच्या आधी, महिन्यावाल्याला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. कारागीर काम सोडून गेला किंवा त्याला काढले, तर त्याचा सारा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावयाचा. उचल वगैरे धरून एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. जादा कामाला दुप्पट दर आहे.

पुरावा कोणी द्यायचा?

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम ५९ वे आहे. कामगाराने "मला पगार मिळाला नाही" असा दावा केला, तर पगार दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि तो खरा ठरल्यास थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. कमी पगार दिल्याबद्दल ५० हजारांपर्यंत दंड आहे तो वेगळाच.

आता विचार करा. आपल्या धंद्यांत व्यवहार बहुधा तोंडी असतो. शनिवारी रोख पैसे हातावर ठेवले, मध्ये ईदला उचल दिली, गावी जाताना आणखी काही दिले. मालकाने सारे इमानदारीने दिलेले असते, पण कागदाचा तुकडाही नसतो. भांडण झाले तर खरे बोलणारा मालकही हरतो. आणि उलट बाजूने, ज्याचे पैसे खरेच बुडाले तो गरीब कारागीरही आजवर कागदाअभावीच हरत आला. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मिळालेलीच आहे. मजुरीच्या बाबतीत ती सवय लावून घेण्यात दोघांचेही भले आहे.

पगाराची फोड

मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगविण्याची युक्ती आता चालत नाही. समजा, महिना १८,००० रुपयांत मूळ पगार ७,००० आणि भत्ते ११,००० दाखविले. वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्मे, म्हणजे ९,००० पर्यंतच. वरचे २,००० वेतनात धरले जातील आणि वेतन ९,००० होईल. ग्रॅच्युइटी (१० किंवा अधिक माणसे असतील तेथे) वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाची, २६ दिवसांच्या महिन्याने. ७,००० वर ती ४,०३८ रुपये झाली असती, आता ५,१९२ होते. ठराविक मुदतीच्या करारावरील कामगाराला ती एका वर्षानंतरही मिळते. दहा माणसांपासून नेमणूकपत्रही बंधनकारक आहे.

शागीर्दांबाबत एक इशारा. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून पूर्ण बंदी आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. "हुनर शिकतो आहे" ही सबब चालत नाही.

मोबाईलमधील माहिती

दुसरा बदल माहितीचा. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. धंद्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू करण्याचे सरकारने ठरविले. गिऱ्हाईकाचा नंबर, पत्ता, कामगाराच्या आधारचा फोटो, बोटाच्या ठशाची हजेरी हे सारे यात येते. नोकरीच्या कामापुरती कामगाराची माहिती वापरण्यास मुभा आहे. पण गिऱ्हाईकाने सोफा घरपोच करण्यासाठी दिलेला नंबर जाहिरातींसाठी वापरायचा तर त्याची संमती हवी. माहिती फुटली तर संबंधित माणसाला व मंडळाला कळवावे लागते. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दुकानाला एवढा दंड होईल असे नाही, पण कायदा दुकान लहान म्हणून डोळे मिटत नाही.

या महिन्यात काय करावे?

१) प्रत्येक माणसासाठी एक वही किंवा पान करावे: नाव, कामाला लागल्याची तारीख, दर, हजेरी, उचल.
२) पगार शक्यतो बँकेतून द्यावा; रोख दिल्यास सही किंवा अंगठा घ्यावा आणि पगारपावती द्यावी.
३) माणसे दहाहून कमी असली तरी साध्या मराठीत नेमणूकपत्र द्यावे.
४) आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी, दुकानाच्या ग्रुपवर टाकू नये. काम सोडून गेलेल्यांचे फोटो मोबाईलमधून पुसावेत.
५) माणसे १० किंवा २० च्या जवळ आली की सल्लागाराला विचारावे. १० वर ई.एस.आय., २० वर भविष्य निर्वाह निधी व बोनस लागू होतो.

वहीचा खर्च पन्नास रुपये. ती नसल्याचा खर्च किती, हे वर दिलेच आहे.