पाकीट नंतर फोडा, आधी डाव मांडा

भाचा दौंडला नववीत आहे. पोकेमॉन कार्डांचा त्याचा यूट्यूब चॅनल. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला, ‘मामा, चौदा व्हिडिओ टाकले, कुणी बघतच नाही. तू लग्नाचे शूटिंग करतोस, एकदा येऊन सांग ना काय चुकतंय.’ शिरूरहून न्हावऱ्यावरून गेलो. चौदाही व्हिडिओ बसून पाहिले. सगळ्यांत तेच: पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायचे, फाडायचे, एकेक कार्ड दाखवायचे, सोनेरी निघाले की ओरडायचे.

मी विचारले, ‘हा खेळ खेळतात कसा?’

तो थांबला. म्हणाला, ‘ते माहीत नाही. वर्गात कुणालाच माहीत नाही.’

दप्तरात दीडशे कार्डे, आणि डाव एकही नाही. शिरूर असो, दौंड असो, केडगाव असो, स्टेशनरीच्या दुकानातून पाकिटे घेणाऱ्या बहुतेक मुलांचे असेच आहे. मराठीतून खेळ शिकवणारा चॅनल नेमका इथे हवा आहे. पाकिटे फोडणारे जगभर पडलेत. त्यानंतर चार रविवार आम्ही दोघे बसलो. मी त्याला कॅमेरा दाखवला, त्याच्याबरोबर खेळ शिकलो. त्यातून निघालेली ही यादी, नव्याने चॅनल काढणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी.

खेळाचे

आधी स्वतः दहा डाव खेळा, मगच कॅमेरा लावा. पोकेमॉनचा गठ्ठा बरोबर 60 कार्डांचा. एकाच नावाची जास्तीत जास्त 4 कार्डे चालतात, साध्या एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी लागणाऱ्या कार्डांना, ही मर्यादा नाही. पिसून झाले की 7 कार्डे हातात घ्यायची, एक बेसिक पोकेमॉन पुढे ठेवायचा, मागे बेंचवर पाचपर्यंत, आणि 6 प्राइझ कार्डे बाजूला पालथी. दर पाळीला एक कार्ड उचलायचे, हातातली एकच एनर्जी लावायची, आणि हल्ला केला की पाळी संपली. पहिली पाळी ज्याची, त्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही. समोरचा पोकेमॉन बाद केला की प्राइझ उचलायचे. सहाही उचललेत तर तुम्ही जिंकलात. समोरच्याकडे मैदानात पोकेमॉनच उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला त्याला उचलायला कार्ड राहिले नाही, तरी तुम्हीच जिंकलात. एवढे पाच मिनिटांत मराठीत सांगणारा व्हिडिओ हा तुमचा पहिला व्हिडिओ. समोर गडी मिळत नसेल तर ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे मोफत अ‍ॅप हाताला धरून नियम शिकवते.

पुरी कार्डे नसतील म्हणून थांबू नका. जाड कागदाची 63 बाय 88 मिलिमीटरची कार्डे कापा, वर नाव आणि आकडे लिहा, कोपऱ्यात ठळक ‘सराव’ लिहा. घरी शिकायला ती पुरतात. ती विकायची नाहीत, खरी म्हणून दाखवायचीही नाहीत.

पूर्ण डाव दाखवा, हरलेला डाव तर जरूर दाखवा. भाच्याचा सगळ्यात जास्त वेळ पाहिला गेलेला व्हिडिओ म्हणजे तो माझ्याकडून हरला तो. शेवटच्या प्राइझला त्याने एनर्जी चुकीच्या पोकेमॉनला लावली. आम्ही तिथेच थांबून ‘इथे काय करायला हवे होते’ हे कार्डे पुन्हा मांडून दाखवले. बघणाऱ्याला शिकायला मिळते ते अशा जागी.

एका व्हिडिओत तीन खेळ कोंबू नका. मॅजिक 1993 चा, पोकेमॉन जपानात 1996 चा, यू-गि-ओ 1999 चा. तिन्हींचे नियम वेगळे, कार्डाचे मापही एक नाही. एक खेळ धरा आणि वर्षभर त्याचेच व्हिडिओ करा.

खरे आणि खोटे

हा विषय आपल्या भागात सगळ्यात मोठा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पूर्ण सोनेरी, प्लास्टिकसारखी वाकणारी, मागची बाजूही सोनेरी असलेली डबीबंद कार्डे आपल्याकडे दुकानादुकानांत दिसतात. ती नकली. मुलाने हौसेने घेतली तर घेऊ द्या, पण चॅनलवर ‘रेअर’ म्हणून ओरडू नका. तुमच्यावर विश्वास ठेवून दुसरीतले पोर खाऊचे पैसे घालवते.

ओळखायचे कसे, ते दाखवा. खऱ्या इंग्रजी कार्डाच्या पाठीवर ‘Pokémon’ हे नाव नीट छापलेले असते, त्यातल्या ‘ई’च्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ असते. नकलीत ती बरेचदा गायब. पुढच्या बाजूला खाली संचातला क्रमांक असतो. बहुतेक कार्डांवर शेजारी गोल, चौकट किंवा चांदणी असते: साधे, कमी मिळणारे, दुर्मिळ. एचपी, म्हणजे पोकेमॉनच्या जिवाचा आकडा, चार आकडी दिसला की कार्ड बाजूला ठेवा, खऱ्या खेळात असा आकडाच नाही. मागून मोबाइलची टॉर्च धरा. खऱ्या कार्डाच्या कागदात मध्ये गडद थर असतो, त्यामुळे उजेड फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड कंदिलासारखे उजळते. ही टॉर्चची चाचणी आम्ही खोलीतला दिवा घालवून केली. नऊ कार्डांपैकी सात उजळली. भाच्याचा चेहरा पडला, पण तो व्हिडिओ त्याने जसाच्या तसा टाकला, याचे मला फार कौतुक वाटले.

दुकानदाराचे नाव घेऊन भांडण लावू नका. तोही ठोक बाजारातून माल आणतो. कार्ड दाखवा, दुकान नको.

करोडोंच्या कार्डाची स्वप्ने विकू नका. पिकाचू इलस्ट्रेटर नावाचे कार्ड लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने 52,75,000 डॉलरच्या सौद्यात घेतले, हे खरे आहे. पण ते पाकिटातून निघालेच नव्हते. जपानच्या कोरोकोरो मासिकाने 1997-98 मध्ये चित्रस्पर्धा घेतल्या, त्यातल्या 39 विजेत्यांना ते बक्षीस म्हणून मिळाले. चित्र काढणाऱ्या पोरांचे कार्ड ते. गोष्ट सांगायची तर ही अशी पूर्ण सांगा.

कॅमेरा, उजेड, आवाज

नवा फोन मागू नका. आहे तो पुरतो. पुस्तकांच्या दोन सारख्या चळती रचा, त्यावर आडवा पाट ठेवा, पाटाच्या कडेबाहेर फोनचा कॅमेरा येईल असा फोन पडदा वर करून ठेवा, मागच्या टोकाला वजन म्हणून जाड वही. खाली डाव. आम्ही याच सोयीवर चारही रविवार काढले.

ट्यूबलाइट कार्डावर पडू देऊ नका. चकचकीत कार्डावर पांढरा पट्टा उमटतो आणि नेमका आकडाच झाकतो. सकाळी खिडकीजवळ बसा, ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा धोतर लावा. उजेड बाजूने आला पाहिजे, डोक्यावरून नाही. रात्री काढायचे झाले आणि चित्र लपलपले, तर फोनच्या कॅमेऱ्यात 50 हर्ट्झचा पर्याय आहे का बघा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. पडद्यावर कार्डाच्या जागी बोट दाबून ठेवले की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मग हात मध्ये आला तरी चित्र गडद-फिकट होत नाही.

खाली फुलाफुलांची चादर टाळा. एकरंगी, गडद, न चमकणारे कापड घ्या.

आवाजासाठी वायरवाल्या इअरफोनचा माइक कॉलरच्या जरा खाली चिमट्याने लावा, कापडाला घासणार नाही असा. पंखा, कूलर बंद. दौंड जंक्शनजवळ राहत असाल तर गाड्यांची वेळ तुम्हाला पाठ असतेच, मनमाडकडची आणि सोलापूरकडची दोन्ही. त्याआधी किंवा नंतर बसा. शिरूरला हमरस्त्यालगत घर असेल तर आतली खोली, आणि खोलीत गोधड्या-उशा जितक्या जास्त तितका आवाज चांगला. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात बोलायचा भाग वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करा.

वडापाव खाऊन कार्डाला हात लावू नका. रबर बँडने कार्डे बांधू नका, कडा दबतात. पावसाळ्यात कार्डांच्या डब्यात बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी टाका, लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशी.

बोलणे

आपल्या तोंडचे शब्द वापरा. पत्त्यांची मराठी आपल्याकडे तयार आहे: पिसा, कापा, वाटा, डाव, पाळी, भिडू, रडीचा डाव. कार्डावर छापलेले शब्द तसेच ठेवा, एनर्जी, बेंच, प्राइझ, कारण बघणाऱ्याला ते कार्डावर शोधायचे असतात. बाकी सगळे दौंडमध्ये बोलता तसे बोला. ‘हॅलो गाइज’ नको, आणि पुस्तकी मराठीही नको.

पण घरातल्या मोठ्यांसमोर ‘पत्ते’ म्हणू नका, ‘कार्ड’ म्हणा. आपल्याकडे पत्ते म्हटले की पारावरचा जुगार डोळ्यांसमोर येतो. आजोबांना शेजारी बसवून एक डाव दाखवा, मग त्यांचे तेच बघतील.

पहिल्या पंधरा सेकंदांत आज काय शिकायला मिळणार ते सांगा. लाइक-सबस्क्राइबची विनवणी तिथे नको. शीर्षक लोक शोधतात तसे द्या: ‘पोकेमॉन कार्ड कसे खेळायचे, मराठीत’. व्हिडिओ लांब असेल तर वर्णनात वेळांची यादी द्या. ती 0:00 पासून सुरू हवी, निदान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा हवा, तरच यूट्यूब तिचे भाग पाडते.

सिनेमाची गाणी आणि कार्टूनचे तुकडे लावू नका. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे.

विषय संपले असे वाटले तर सावंतवाडीकडे बघा. दशावतारी गंजिफाची 120 गोल पाने, 10 रंग, प्रत्येकात 12, हाताने रंगवलेली. राजवाड्यात ही कला जपली गेली आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गोळा करण्याजोगी कार्डे महाराष्ट्रात किती जुनी आहेत, यावर एक व्हिडिओ नक्की होतो. दुसरा होतो घरातल्या काका-मामांच्या डब्ल्यूडब्ल्यूई ट्रम्प कार्डांवर. हाइट, वेट, बायसेप्स यांवर आम्ही शाळेच्या मधल्या सुट्टीत जीव टाकायचो.

पैसा

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास पाहिले जाणे लागते, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. अठराच्या आत असाल तर खाते पालकांच्या नावाने जोडावे लागते. हे लक्षात ठेवा आणि पहिले वर्ष पैशाचा विचार बाजूला ठेवा.

सबस्क्रायबर विकत घेऊ नका. ‘तू मला कर, मी तुला करतो’ हेही नको. असे लोक व्हिडिओ बघत नाहीत.

पाकीट फोडायचेच असेल तर किती रुपये गेले आणि काय निघाले, ते दोन्ही पडद्यावर लिहा. दर महिन्याची बेरीज दाखवा.

पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात कितीही मिळाली तरी घेऊ नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींनाही बंदी घातली आहे. अनोळखी प्रेक्षकाला आगाऊ पैसे पाठवून कार्ड मागवू नका. आणि लहान मुलाशी अदलाबदल करताना त्याच्या कार्डाची खरी किंमत त्याला आधी सांगा.

घर, शाळा, पत्ता

आलेले पार्सल कॅमेऱ्यासमोर फोडताना वरचे लेबल आधी काढा. भाच्याच्या तिसऱ्या व्हिडिओत पूर्ण पत्ता, पिनकोड आणि ताईचा मोबाइल नंबर सात सेकंद दिसत होता. त्याच दिवशी तो व्हिडिओ काढून टाकला.

शाळेचा गणवेश, बिल्ला, गल्लीची पाटी दिसू देऊ नका. मित्राचा चेहरा दाखवायचा तर त्याच्या आईवडिलांना विचारा. नाही म्हणाले तर फक्त हात आणि कार्डे, डावाला तेवढेच लागते. ‘मुलांसाठी बनवलेले’ हा पर्याय खरेपणाने निवडा. तो निवडला की कमेंट बंद होतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

परीक्षेच्या महिन्यात व्हिडिओ नको. आठवड्याला एक जमला नाही तर पंधरवड्याला एक, पण ठरल्या दिवशी.

शिरूर-दौंडमधल्या आईबाबांना एक विनंती आहे. पोराला ओरडण्याआधी रविवारचा एक तास त्याच्यासमोर बसा. सात कार्डे हातात घ्या, सहा बाजूला ठेवा आणि एक डाव खेळा. त्याला गडी मिळत नाहीये.