इंग्लंडमध्ये दिवस गेल्यावर: नव्याने आलेल्या मुलींसाठी

(मंडळातल्या तीन घरांनी लिहून दिलं, ते जवळपास तसंच छापत आहोत.)

रेडिंगहून:
दिवस राहिल्याचं कळताच जीपीकडे (भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) किंवा थेट मिडवाइफकडे नाव नोंदवा. पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत हवी, थॅलेसेमियाची तपासणीही त्याच सुमारास उरकते. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पुरे होईपर्यंत. मधुमेह असेल तर 5 मिलिग्रॅम, पण ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. ड जीवनसत्त्व रोज 10 मायक्रोग्रॅम. इथल्या उन्हावर विसंबू नका. सोनोग्राफी दोनदा: 11 ते 14 आणि 18 ते 21 आठवड्यांत. दुसऱ्या वेळी मुलगा की मुलगी हे इथे सांगू शकतात, नको असेल तर आधीच बजावा. आपण दक्षिण आशियाई, म्हणून 24 ते 28 आठवड्यांत साखर तपासतात: उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी पुन्हा रक्त. डांग्या खोकल्याची लस सोळाव्या आठवड्यापासून, आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूवरची अठ्ठाविसाव्यापासून. मॅटर्निटी एक्झेम्प्शनचा अर्ज मिडवाइफकडून भरून घ्या. त्यामुळे बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य फुकट.

लेस्टरहून:
मी चिडूनच लिहितेय. जीपीच्या काउंटरवर बाईंनी माझ्या नावाचं विजेचं बिल मागितलं. घराचा करार नवऱ्याच्या नावावर, बिलंही त्याचीच. बँकेचं पत्र आणा म्हणाल्या, तर बँकेला आधी पत्त्याचा पुरावा हवा! इकडे माझ्या पोटात पाणी ठरेना. वर्षाला माणशी 1,035 पौंड हेल्थ सरचार्ज आगाऊ भरून आलो होतो, उपकार मागत नव्हतो. नंतर कळलं, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्तीच नाही. कुणी अडवलं तर हेच सांगा आणि नकार लेखी मागा. आणखी एक. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, पैसे पडत नाहीत. नवऱ्याला मध्ये बोलू देऊ नका. घरात त्रास असेल तर तो त्याच्यासमोर सांगणार कसा?

हॅरोहून, एका आजींकडून:
मुलींनो, डोहाळजेवण करा. हॉल नको, केक तर मुळीच नको. पाच सवाष्णी, ओटी आणि वाडी भरली की झालं. पोटातल्या बाळाशी मराठीतच बोला. कच्ची पपई आमच्या घरात कुणी खाल्ली नाही, तुम्हीही खाऊ नका. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा चुकवू नका. धुरी-शेगडीचा हट्ट मात्र मी सोडला, छतावरचा अलार्म कोकलतो. गुटी मधात उगाळावी.

(इथे आम्ही आजींशी सहमत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बोट्युलिझमचा धोका असतो. गावाहून आलेली भस्मं आणि काढेही मिडवाइफला दाखवल्याशिवाय घेऊ नका. अशा काही औषधांत शिसं सापडलं आहे.)

प्रत्यक्ष प्रसूतीवर कुणी लिहून दिलं नाही. नंतरच्या दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. जन्मनोंदणी 42 दिवसांत करायची असते. बाळंतपणाला आई येणार असेल, तर तिचा प्रवासविमा तिकडून निघण्याआधीच काढा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इस्पितळात दाखल व्हावं लागलं, तर एनएचएस दीडपट दराने बिल लावते.