समांतर संगणक : रचना व उद्योगातील उपयोग

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यास एकाच प्रकारचे शंभर सुटे भाग करावयाचे असल्यास ते चार यंत्रांवर वाटून देता येतात व काम लवकर उरकते. परंतु एकाच भागावर प्रथम कातकाम, नंतर छिद्रे व शेवटी घासकाम करावयाचे असेल, तर चार कारागीर उभे करूनही त्या भागाचा वेळ घटत नाही. समांतर संगणकाचे बळ व मर्यादा या दोन उदाहरणांत दिसून येतात.

अशा संगणकात एकच गणित अनेक प्रोसेसरांत वाटले जाते. त्याच्या तीन प्रमुख रचना ध्यानात घ्याव्यात. पहिलीत सर्व प्रोसेसरांची स्मृती सामायिक असते. आज्ञावली लिहिणे सोपे जाते; मात्र प्रोसेसर वाढले की एकाच कोठाराच्या दाराशी गर्दी होते. दुसरीत प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र असून परस्परांस संदेश पाठवावे लागतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ याच प्रकारचा होता. तिसरीत एकच आज्ञा असंख्य आकड्यांवर एकदम चालते; चित्रांवरून मालातील दोष हुडकण्यास ती उपयुक्त ठरते.

पत्रा दाबताना तो कोठे फाटेल, हे साचा घडविण्यापूर्वी संगणकावर तपासता येते. त्यासाठी पत्र्याचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे गणित केले जाते. लहान नमुन्यास सामायिक स्मृतीचा संगणक पुरतो. संपूर्ण वाहनाच्या धडकेचा अभ्यास करण्यास वितरित स्मृतीची रचना सोयीची ठरते.

तथापि केवळ प्रोसेसर वाढविल्याने वेग त्या प्रमाणात वाढत नाही. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी दाखविले, की कामाचा दहावा हिस्सा क्रमानेच करावा लागत असेल, तर सोळा प्रोसेसर लावूनही वेग सुमारे ६.४ पटच होतो. कितीही लावले तरी दहापटीपलीकडे तो जात नाही. लहान उद्योजकाचे भांडवल बेताचे असते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी आपले काम किती वाटता येते, हे त्याने प्रथम तपासावे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. घरपट्टीच्या चारशे नोंदींची बेरीज चार विद्यार्थ्यांत वाटून द्यावी आणि शेवटची एकत्रित बेरीज एकट्यास करावयास सांगावी. वाटलेल्या कामाचा लाभ आणि न वाटता येणाऱ्या कामाची अडचण, दोन्ही मुलांच्या आपोआप ध्यानी येतील.