गाय आणि गाईपण

सायंकाळीं महागांवच्या शिवारांतून गाई परत येऊं लागल्या, कीं त्यांतील एकही दुसरीसारखी नसते. एक तांबडी, एक कबरी, एक मोडक्या शिंगाची. तरी सर्वांस आम्ही 'गाय' हाच शब्द लावितों. मग हें नांव कोणाचें? समोरच्या एका जनावराचें, कीं सर्वांत सारख्या असणाऱ्या गाईपणाचें?

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यांत त्याचे दोन पक्ष आढळतात. (कीलहॉर्न साहेबांनीं हा ग्रंथ १८८० ते १८८५ या काळांत मुंबईस छापविला.) व्याडीच्या मतें शब्दाचा अर्थ व्यक्ति, तो जाति असता तर एक कुत्रा मेला म्हणतांच जगांतील सारींच कुत्रीं नाहींशीं व्हावीं! विद्यार्थ्यांनीं हंसावें, पण उत्तरही शोधावें. वाजप्यायन उलट म्हणतो, शब्द व्यक्तीपुरताच असेल तर 'ब्राह्मणास मारूं नये' हा निषेध एकास न मारल्यानें पुरा झाला; पुढें वाटेल त्यास मारावें. पतंजलि सांगतो कीं पाणिनीस दोन्ही पक्ष मान्य होते.

नैयायिकांनीं गाईपणास 'गोत्व' म्हटलें. गाई जन्मतात व मरतात; गोत्व एक, नित्य व सर्व गाईंत राहणारें. बौद्धांस हें पटलें नाहीं. व्यक्तीच तेवढ्या खऱ्या. जें गाय नव्हे तें वगळून मनानें केलेली कल्पना म्हणजे गोत्व, असें ते म्हणत.

येथवर वाद पोथींतला वाटेल. परंतु न्यायशास्त्रांतील या सामान्यास 'जाति' असेंही नांव आहे, आणि तोच शब्द मराठींत 'जात' होऊन शाळेच्या दाखल्यावर येऊन बसला आहे. ब्राह्मणत्व हें गोत्वासारखेंच खरें सामान्य काय, यावर मोठमोठे पंडित भांडले. कुमारिलभट्टांचें म्हणणें, तें डोळ्यांस दिसतें, मात्र आईबाप कोण हें कळल्यावर. आम्हांस हें उत्तर लंगडें वाटतें. गाय ओळखावयास तिची आई कोण हें कोणी विचारीत नाहीं.

अश्वघोषाच्या नांवावर असलेल्या वज्रसूचींत याहून सोपी परीक्षा दिली आहे. गाय, घोडा, हत्ती यांचीं पावलें निरनिराळीं उमटतात; ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांच्या पावलांत तसा भेद दिसत नाहीं. पावसाळ्यांत शाळेच्या अंगणांत चिखल होतोच. तेव्हां ज्याचें त्यानें पाहून घ्यावें.