दोरावरून उतरणारे जवान

बिदरच्या आकाशात विमानांचा आवाज नवा नाही. तेथील हवाई दलाच्या तळावर लढाऊ वैमानिकांना शिक्षण दिले जाते आणि २००८ पासून त्यासाठी हॉक जातीची विमाने वापरात आली. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांतील शाळकरी मुलेही ही विमाने ओळखतात. हेलिकॉप्टरची गोष्ट मात्र निराळी आहे. विमानास धावपट्टी लागते. हेलिकॉप्टर हवेत एके ठिकाणी स्थिर राहू शकते. या एका गुणामुळे, जेथे चाके टेकविण्यास जागा नाही अशा ठिकाणी, म्हणजे घराच्या गच्चीवर, डोंगराच्या कड्यावर किंवा पुराने वेढलेल्या टेकाडावर माणूस उतरविता येतो. त्यासाठी दोर हे साधन आहे.

दोरावरून उतरण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत जवानाच्या कमरेस पट्टे बांधलेले असतात. बारीक पण मजबूत दोर धातूच्या कडीतून ओवलेला असतो व त्या कडीतील घर्षणाने वेग आवरला जातो. दुसरीस आपल्या सैन्यात ‘स्लिदरिंग’ म्हणतात. तीत मनगटाएवढा जाड, विणलेला दोर खाली सोडतात आणि जवान तो हातांनी व पायांनी धरून घसरत येतो. शरीर दोरास बांधलेले नसते. पकड सुटली तर आधार नाही. मात्र बांधणे-सोडणे नसल्याने काही सेकंदांत एकामागून एक जवान जमिनीवर येतात. जाड दोराची ही रीत ब्रिटनमध्ये विकसित झाली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात प्रथम वापरली गेली.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे दोरीच्या मल्लखांबाची आठवण होईल. तेथेही पायाची पकड हीच मुख्य विद्या. फरक असा की, मल्लखांबात घसरणे हा दोष, तर येथे घसरणे हेच काम असून ते काबूत ठेवणे हे कौशल्य होय. घर्षणाने तळहात भाजतात, म्हणून जाड चामडी हातमोजे अत्यावश्यक. वेग कमी करावयाचा तो पंजे आवळून आणि दोन्ही बुटांमध्ये दोर दाबून.

हे शिक्षण एकदम हेलिकॉप्टरमध्ये सुरू होत नाही. आधी मनोऱ्यावरून, स्थिर दोरावर, पाठीवर ओझे न घेता. मग शस्त्र व सामानासह. त्यानंतर खरे हेलिकॉप्टर आणि शेवटी रात्रीचा सराव. बेळगाव येथील पायदळाच्या कमांडो शिक्षणकेंद्राचे नाव या संदर्भात सीमाभागात सर्वपरिचित आहे. पायदळाच्या प्रत्येक पलटणीतील ‘घातक’ तुकडीचे अनेक जवान तेथे तयार होतात.

जवानाइतकीच कसोटी वैमानिकाची असते. आपल्या यंत्राच्या पोटाखाली काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. दारापाशी बसलेला सहकारी सांगतो त्याप्रमाणे तो हेलिकॉप्टर हातभर पुढे, हातभर मागे घेतो. उष्ण हवा विरळ असते व पात्यांना कमी उचल देते. म्हणून कलबुर्गीच्या वैशाखातील दुपारी जेवढे ओझे नेता येईल, त्याहून अधिक हिवाळ्याच्या सकाळी नेता येते.

दि. २८ नोव्हेंबर २००८ रोजी सकाळी मुंबईत कुलाब्याच्या अरुंद गल्लीतील नरिमन हाऊसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून याच रीतीने उतरले. या कारवाईत हवालदार गजेंद्र सिंह धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हे उतरणे दूरचित्रवाणीवर त्याच क्षणी दाखविले जात होते. शत्रूस बेसावध गाठणे हा ज्या युक्तीचा प्राण, तिचे असे प्रक्षेपण व्हावे हे अनुचितच. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ च्या निकालात मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले.

खेड्यातील नागरिकांचा संबंध येतो तो बहुधा पुराच्या वेळी. उजनीतून पाणी सुटले आणि पाऊसही असला की, भीमाकाठची अफजलपूर, जेवर्गी भागातील गावे अडचणीत येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तसेच झाले. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. अशा वेळी दोराऐवजी विंच, म्हणजे पोलादी तार गुंडाळणारे यंत्र, कामी येते. कारण दोराने जवान खाली येतो, पण वृद्धास किंवा बालकास वर न्यावयाचे असते. हे काम सोपे नव्हे. झारखंडातील त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये रज्जुमार्ग बंद पडून लोक अधांतरी अडकले, तेव्हा बहुतेकांची सुटका झाली; तथापि सुटकेच्या वेळी पडून दोघांचा मृत्यू झाला.

म्हणून ग्रामस्थांनी, विशेषतः तलाठी, ग्रामसेवक व शिक्षकांनी, काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. पात्यांच्या वाऱ्याने सुटे पत्रे, ताडपत्री, कडबा उडतो. उडालेला पत्रा माणसास कापू शकतो आणि ताडपत्री पात्यांत अडकू शकते. तेव्हा गच्चीवरील अशा वस्तू काढून टाकाव्यात किंवा दगडांनी पक्क्या दाबाव्यात. मुलांना मिठीत घेऊन खाली बसावे. खाली उतरलेला जवान सांगेल त्याच क्रमाने पुढे यावे. वरून आलेली तार, दोर वा पट्टा घराच्या खांबाला किंवा झाडाला मुळीच बांधू नये. तसे केल्यास हेलिकॉप्टरच जमिनीला जखडले जाते. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर वीजभार साठतो. म्हणून तारेचा आकडा प्रथम जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यावा व मगच त्याला हात लावावा.